छबूबाईचं कडवं

लेकीच्या लग्नाच्या आठ दिवस आधीच प्रेमचंद वकिलानं आईला, छबूबाईला, बजावून ठेवलं होतं, "माय, यंदा गाळ्या म्हणानं काम नही. पुनाना लोके शेतस."

गाळ्या म्हणजे शिव्या नव्हेत. लग्नात बायका व्याह्यांची गाण्यातून जी फिरकी घेतात, ती. तापीकाठच्या गावांत छबूबाई गाळ्या म्हणायला उभी राहिली की वरपक्षाचे भलेभले पागोटी सावरून बसायचे. रीत साधी होती. कडवं ज्याच्यावर येईल त्यानं भर मांडवात उठून हात जोडायचे, तेव्हाच बाई कडवं सोडणार. तोवर तेच कडवं पुन्हा पुन्हा. आणि मांडवात कोणी आपल्या माणसांना नावं ठेवली, तर उत्तर द्यायचंच. गप्प बसली ती मुलीकडची बाजू कसली?

नात एकुलती एक. तिच्यानंतर या घरात लग्न नाही. म्हातारीनं तिच्यासाठी कडवी कधीपासून मनात जुळवून ठेवली होती. आणि लेक म्हणतो, तोंड उघडू नको! शहाद्याला वकिली चालायला लागली तशी त्याला घरच्या बोलीचीही लाज वाटू लागली होती. गाळ्यांच्या जागी त्यानं पुण्याच्या व्याह्यांसाठी चक्क तिथलाच नकलाकार बोलावला. रेडिओवरचा, नावाजलेला.

रेडिओवरच्या विनोदात माणसं कमी आणि साचे जास्त. मारवाडी आला की तो कवडीचुंबक. मद्राशी आला की 'अय्यो'. सरदारजी आला की अक्कल गहाण. आणि घरगडी आला की तो हमखास खानदेशातला! हे कोणी ठरवलं कोण जाणे, पण ऐकणारे पोट धरून हसतात. छबूबाईही हसायची. खोटं कशाला सांगा?

नकलाकार सकाळीच आला. वैशाखाच्या उन्हात अंगात कोट. न्याहारीला वांग्याचं भरीत खाल्लं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. दही दोनदा मागितलं, तिसऱ्यांदा नुसतं बोट दाखवलं. मग मागच्या अंगणात गेला, तर म्हशीनं मान हलवली. गडी टुणकन खाटेवर! एक बूट शेणात राहिला. घरचा जुना सालदार बाज्या भिल्ल धावला. त्यानं म्हैस आवरली, बूट काढला आणि धुऊन आणून दिला. छबूबाई दारातून सगळं बघत होती. तिच्या ओठांवर कडवं आलं. तिनं ते गिळलं.

दुपारची जेवणं उरकली. मांडवात भोंगा लावला, दोन्हीकडची माणसं बसली आणि नकला सुरू झाल्या. मारवाडी झाला, मद्राशी झाला. मग नकलाकारानं कमरेला टॉवेल गुंडाळला, काठीचं धनुष्य केलं आणि "हू हू" करत भिल्ल नाचवला. मांडव हसून लोटपोट. छबूबाईही हसली. हसता हसता तिची नजर पाण्याची घागर घेऊन उभ्या असलेल्या बाज्यावर गेली. तो खाली बघत होता. तिचं हसू तिथंच थांबलं.

"आणि आता आपले खानदेशी भाऊ!" नकलाकार म्हणाला. त्यानं टॉवेलाचं धोतर केलं, तोंड वासलं, डोळे तिरळे केले, "काय शे, काय शे" म्हणत स्वतःच्याच धोतरात अडखळून पडला. वरपक्षातली पोरं टाळ्या पिटू लागली. मुलीकडचे चूप. प्रेमचंद उसनं हसत होता, पण कान लाल झाले होते.

मांडवात आपल्या माणसांना नावं ठेवली होती. मग छबूबाईला लेकाचा हुकूम आठवलाच नाही. ती पदर खोचून उठली.

"पुनाथून उना नकल्या भाऊ, कोट घाली मांडवमा वं बाई!
भरीत खाईसन डोयामा पानी, दही मांगस घडीघडी वं बाई!"

बायकांनी झेललंच. कधीपासून गळे दाबून बसल्या होत्या बिचाऱ्या!

"म्हैस देखी खाटवर चढना, बूट ऱ्हायना शेनमा वं बाई!
बूट काढा बाज्याभाऊनी, धोईसन दिन्हा बाज्याभाऊनी,
त्यानीच नक्कल करस हाऊ, लाज नही याले वं बाई!"

मांडव असा हसला की भोंग्याची गरजच उरली नाही. बाज्यानं घागर खाली ठेवली आणि तोंडावर हात घेऊन तोही हसला. नकलाकार आधी गोंधळला. मग कोणीतरी त्याला रीत सांगितली, तसा त्यानं उठून छबूबाईला हात जोडले, आणि वळून बाज्यालाही जोडले. "आजी, हरलो," तो म्हणाला. गडी दिलदार निघाला, हे कबूल केलं पाहिजे.

प्रेमचंद मात्र आईला आवरायला धावत येत होता. पुण्याच्या विहीणबाई काय म्हणतील!

विहीणबाई, सरलाबाई, उठून उभ्याच राहिल्या होत्या. माहेर खानदेशातलंच, तळोद्याचं. तीस वर्षं पुण्यात तोलूनमापून बोलत काढलेली बाई ती. नाकातली नथ सारून त्या कडाडल्या, "वं इहीन, दम खाय! आते आमनी पाळी!"

आणि त्यांनी छबूबाईच्या तुटक्या दातावर असं कडवं टाकलं की म्हातारीच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. तिनं रीतीप्रमाणे हात जोडले. मग सबंध मांडवावरून नजर फिरवून ती लेकाकडे वळली. विहिणीच्याच तोंडून घरची बोली ऐकून तो अर्ध्या वाटेवर, खांबापाशी बसून राहिला होता.

"मन्हा लेकनी नकल्या आना, मायले कोंडं घरमा वं बाई!
प्रेमचंद भाऊले सांगा कोनी, माय आजून मरेल नही वं बाई!"

बायकांनी ते उचललं. एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं. सरलाबाईही त्यांच्यात मिसळल्या. प्रेमचंद मान खाली घालून ऐकत राहिला. मग वकीलसाहेब उठले. डोक्यावरची टोपी काढली, सगळ्या मांडवासमोर आईला हात जोडले आणि रडक्या आवाजात, घरच्या बोलीत म्हणाले, "चुकनू, माय. आते सोड."

छबूबाईनं कडवं सोडलं.