आईचा पाटा

सकाळी सोमनाथचा फोन आला. "काका, संध्याकाळी येतो. आबांना पण आणतो." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. आबा म्हणजे त्याचे वडील साहेबराव, माझ्याच गावचे.

चूक माझीच असावी. मुलीनं, करुणानं, चौदा जानेवारीच्या, नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमासाठी माझं बोलणं मोबाईलवर घेतलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आमची वस्ती पेटवली गेली, तेवढं सांगा म्हणाली. मी चार माणसांत बोलणारा नव्हे. आयुष्य ग्रंथालयात पुस्तकं लावण्यात गेलं. पण बोलता बोलता तोंडातून निघालं, "जाळणाऱ्यांच्या पुढं साहेबराव होता." इतक्या वर्षांत हे नाव मी घराबाहेर काढलं नव्हतं.

पुढे आणखी एक बोललो. राखेत आईला, भागूबाईला, तिचा पाटासुद्धा सापडला नाही. करुणानं टाकलेल्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, 'आजोबा, दगड कधीपासून जळायला लागला?' त्याखाली हसणारे चेहरे.

खरंच, दगड कसा जळेल? त्या दिवसांबद्दल मी इतकं वाचलंय की पाहिलेलं कोणतं आणि वाचलेलं कोणतं, हे आता सांगता येत नाही. धूर होता, मी बाभळीआड होतो. पाटा चुकला असेल, तर नावही चुकलं असेल. मग मी एका म्हाताऱ्या माणसावर काय आणून ठेवलं?

"वाचून चष्मा लागतो, पाटा नाय हरवत," मनकर्णाबाई, माझी बायको, तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "सासूबाई मरेपर्यंत त्या पाट्याचं बोलायच्या."

"पण तिनं तरी नीट शोधला होता का?"

"मग जा, त्यांनाच विचारून या."

संध्याकाळी सोमनाथ एकटाच वर आला. चितेगावच्या कंपनीत तो सुपरवायझर आहे. एरवी आल्याआल्या चहा मागतो. आज खुर्चीच्या कडेवर टेकला.

"आबांना जिना चढवत नाय. खाली गाडीत हायेत. ते तुमच्यासमोर नाय म्हणतील. मग तुम्ही दुसरा व्हिडिओ करायचा. वय झालं, नीट आठवत नाय, म्हणायचं. बास."

"आणि व्हय म्हणले तर?" मनकर्णाबाईनं विचारलं.

सोमनाथनं तिच्याकडे पाहिलं नाही. "गावात पोरं तापलीत, काकू. म्या तरी किती दिवस धरून ठेवू?"

मी कठडा धरून जिना उतरलो. गाडीची काच अर्धी खाली होती. आत मफलर गुंडाळलेलं एवढंसं तोंड.

"कोण?"

"राजकुमार."

"भागूबाईचा?"

"हो."

"आबा," सोमनाथ वाकून म्हणाला, "ह्यांना सांगा, तुम्ही नव्हता तिथं."

साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाटा सापडला का रं?"

"नाही."

"कसा सापडंल. सगळं जळलं, त्यो तेवढा तसाच. लई राग आला. म्या उचलून हिरीच्या पाण्यात टाकला." त्यांनी दोन्ही हात पुढे करून काहीतरी उचलल्यासारखं केलं.

"आबा, तुम्हाला आठवत नाय नीट."

"जड व्हता," साहेबराव म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी त्यांच्याच गाडीला हात टेकवून उभा राहिलो. साहेबरावांचे हात अजून तसेच अधांतरी होते.

सोमनाथनं दार उघडून, आत वाकून ते खाली घेतले, मांडीवर ठेवले, दार लावलं. मग माझ्याकडे न वळताच त्यानं विचारलं,

"काका, व्हिडिओचं काय करताय?"

तो विनवत होता की दम देत होता, मला कळलं नाही. दोन्हीची मला सारखीच भीती वाटली.

"आहे तसा राहू दे," मी म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.