डावीकडचा चेंडू

हाफिजनं ग्राइंडर बंद केला तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. वरवे बुद्रुकच्या फाट्यावरचं त्याचं वेल्डिंगचं दुकान एरवी दिवसभर गप्प बसत नसे. आज त्यानं गिऱ्हाइकाचं गेट अर्धवट सोडलं, एक स्टूल फडक्यानं पुसलं आणि गेनबा खुटवडांपुढं सरकवलं.

"बसा आण्णा. आता मॅच संपेस्तोवर काम बंद."

गेनबा बसले नाहीत. त्यांचा पोरगा सोमनाथ तिकडं परदेशात, आशियाभरच्या अपंग खेळाडूंच्या स्पर्धेत, टेनिसच्या पुरुष एकेरीचा उपांत्यपूर्व सामना खेळायला उतरत होता. समोर जपानचा दुसऱ्या मानांकनाचा खेळाडू. टीव्हीवर हा सामना दाखवणार नव्हते. मोबाईलवर नुसते आकडे बदलणार होते. ते वाचायला धाकटी लेक राजनंदिनी भोरच्या कॉलेजात रजा टाकून आली होती. तिथं ती अकरावी-बारावीला शिकवायची.

सात वर्षांपूर्वी हायवेवर मोटरसायकल घसरली आणि सोमनाथचं कमरेखालचं अंग गेलं. पुण्यात उपचार घेताना त्यानं चाकाच्या खुर्चीतून टेनिस खेळणारी माणसं पाहिली आणि घरी आल्यावर म्हणाला, मला हे खेळायचंय. हाफिजनं त्याला पहिली खुर्ची करून दिली. तिची चाकं खाली फाकवलेली, जागच्या जागी गर्रकन वळणारी. दुकानामागच्या सिमेंटच्या अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या, मध्ये जाळं बांधलं. पण पलीकडून चेंडू मारायचा कुणी? गावातली पोरं चार दिवस आली आणि कंटाळली. पाचव्या दिवशी गेनबांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

"आण हिकडं ती बॅट."

"रॅकेट म्हनत्यात, आण्णा," सोमनाथ म्हणाला.

"आसू दे. आण."

तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. सुरुवातीला चेंडू कुंपणापलीकडच्या भातात जायचे आणि धोंडाबाई चिखलातून ते वेचून आणायची. नवऱ्याला धोतर खोचून उड्या मारताना बघून तिला हसू आवरत नसे. पण वर्षभरात गेनबांचा हात बसला. सकाळी धारा काढून झाल्या की दोनशे चेंडू, हा नेम झाला. शनिवार-रविवार सोमनाथ पुण्याच्या खऱ्या कोर्टावर, तिथं शिकवणाऱ्या सरांकडं खेळायचा, बाकीचे पाच दिवस बापाशी. त्याची डावी बाजू कच्ची आहे हे गेनबांनी फार लवकर ओळखलं, आणि तेव्हापासून त्यांनी दोनशेपैकी दीडशे चेंडू डावीकडंच मारले. सोमनाथ चिडायचा, एकदा तर त्यानं रॅकेट फेकून दिली. गेनबांनी ती उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि पुढचा चेंडू पुन्हा डावीकडं मारला.

"सुरू झाली," राजनंदिनी म्हणाली.

पहिला सेट बघता बघता गेला. एक-सहा. हाफिजनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. धोंडाबाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

"त्यो जपानी डावीकडं टाकतोय," गेनबा म्हणाले. "आन ह्यो पुढं येऊन पयल्या टप्प्यावर घ्यायला बघतोय. गडबड करतोय."

"आण्णा, हितं नुसते आकडे हायत. तुमाला कसं कळलं?" हाफिजनं विचारलं.

"सहा वरसं म्या काय बघत हुतो मग?"

साध्या टेनिसात चेंडूला एकच टप्पा पडू देतात. खुर्चीवाल्यांना दोन टप्प्यांची मुभा असते. दुसरा टप्पा रेघेबाहेर पडला तरी चालतो. गेनबा त्याला हजारदा सांगत आले होते, मागं सर, चेंडूला येऊ दे, घाई कशाची?

दुसऱ्या सेटमध्ये दोन-दोन झालं. मग तीन-तीन. प्रत्येक गेम लांबत होता, चाळीस-चाळीसची बरोबरी, म्हणजे ड्यूस, पुन्हा पुन्हा होत होता. गेनबा आता स्टुलावर टेकले.

"सरला," ते हळूच म्हणाले. "मागं सरला बघ."

सहा-चार. सेट सोमनाथचा. हाफिजनं लोखंडी पाइपावर हातोडी हाणली आणि रस्त्यापलीकडचा चहावाला धावत आला.

मध्ये जरा वेळ होता. राजनंदिनीचं बोट भलत्याच ठिकाणी लागलं आणि सोमनाथच्या माहितीचं पान उघडलं. फोटो, देश, जन्मसाल. ती वाचता वाचता थांबली.

"काय गं? बंद पडला का मोबाईल?" धोंडाबाईनं विचारलं.

"न्हाई. हितं लिहिलंय... प्रशिक्षक, गेनबा खुटवड."

गेनबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते ताडकन उठले.

"खोडाय सांग त्याला. पुण्याचे सर काय म्हनतील? लोक हसतील."

"कोण हसंल?" हाफिज म्हणाला. "नाव तर सांगा, आण्णा. म्या बघतो त्याच्याकडं."

गेनबा दुकानाच्या मागं गेले. अंगणात कुणी नव्हतं. चुन्याच्या रेघा फिकट झाल्या होत्या. तोंड धुतल्यासारखं करून ते परत आले, तेव्हा तिसरा सेट तीन-चार होता, सोमनाथ मागं. राजनंदिनीनं वाचलं, चार-चार, चार-पाच, पाच-पाच. दुकानात आता वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि प्रत्येक आकड्यानंतर सगळे गेनबांकडं बघत होते.

"थकलाय जपानी," ते म्हणाले. "आता ह्यो त्याला पळवील."

सात-पाच.

हाफिजनं गेनबांना उचललंच. धोंडाबाई रडत होती. चहावाल्यानं सगळ्यांना चहा दिला.

संध्याकाळी फोन आला. "आण्णा, मागं सरलो. दुसऱ्या टप्प्यावर घेतले सगळे."

"कळलं मला. पयला सेट फुकट घालवलास." एवढंच बोलून त्यांनी फोन धोंडाबाईच्या हातात दिला.

सोमनाथ उपांत्य सामना सरळ हरला. कांस्यपदकाचाही तीन सेट झुंजून हरला. चौथा आला.

पंधरवड्यानं भोरला सत्कार झाला. शाल, नारळ, हार झाले. एक वक्ते म्हणाले, आपल्या सोमनाथचं पदक थोडक्यात हुकलं, वाईट वाटलं, पण पुढच्या वेळी नक्की. लोकांनी माना हलवल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून गेनबा उठले. सभेत ते जन्मात बोलले नव्हते. त्यांनी माइकही घेतला नाही.

"वाईट कशाचं?" ते म्हणाले. "सारा आशिया खंड आला हुता तिथं. त्यात माझा पोरगा चौथा. ज्यान्ला हरवून त्यो तिथवर गेला, त्यांच्यातल्या एकाला जरी हितं आणलंसा, तरी तुमी त्याची मिरवणूक काढाल. मग ह्याची काढा की!"

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. गेनबा गोंधळून खाली बसले. व्यासपीठावर सोमनाथ मांडीवरचा नारळ सांभाळत मोठ्यानं हसत होता. वक्त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि स्वतःच मिरवणुकीचा टेम्पो बोलवायला सांगितलं.