संमतीपत्रातली ओळ

"ही ओळ काढा, बाई," मुख्याध्यापक भोईर सर म्हणाले. "वाचून एक तरी आई सही करील का?"

विनिता जाधव बाईंना नेमकं तेच हवं होतं. टेनिसच्या संमतीपत्रात त्यांनी स्वतःच्या मनानं घातलं होतं, 'खेळताना डोळ्याला इजा होऊ शकते, याची मला कल्पना आहे.'

"नियमच आहे, सर," त्यांनी ठोकून दिलं. असा नियम कुठेही नव्हता.

वडप्याच्या एका गोदामवाल्यानं शाळेला चाळीस रॅकेटी भेट दिल्या आणि सर हरखून गेले. शारीरिक शिक्षणाच्या बाई एकच, म्हणून त्यांनाच तीन दिवस ठाण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे सगळे त्यांच्या निम्म्या वयाचे. बाईंनी सगळं पाठ केलं. चेंडू मऊ, लाल घ्यायचा. दोन मुलींत दोन रॅकेटींचं अंतर. चेंडू पडला की 'टप्पा' म्हणायचं, मग 'मार'. पण चेंडू अंगावर आला की बाईंचे डोळे गच्च मिटायचे.

"मॅडम, डोळे मिटून कसं चालेल?" शिकवणारा पोरगा विचारायचा. सगळे हसायचे, बाईही हसायच्या.

बावीस वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानात एका मुलीच्या हातून बॅट सुटली आणि सातवीतल्या करिष्माच्या डाव्या डोळ्यावर बसली. बाई तेव्हा पायरीवर बसून महिन्याची राहिलेली हजेरी भरत होत्या. मान खाली होती. आधी किंकाळी ऐकू आली. चौकशीत त्या म्हणाल्या, "मी बघत होते. क्षणात झालं." कुणी पुढे विचारलं नाही. डोळा गेला. करिष्मा परत शाळेत आली नाही. पुढे दापोड्याला तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं, तेवढंच.

त्यानंतर बाई तासाला कधी बसल्या नाहीत. कवायत, लेझीम, सूर्यनमस्कार यांत मात्र शाळेचं नाव काढलं. चेंडूंच्या कपाटाची किल्ली हरवली ती हरवलीच. ती बाईंच्या पर्समध्ये होती.

गुरुवारपर्यंत एकोणचाळीस संमतीपत्रं सह्या होऊन आली. कुणी एक अक्षर वाचलं नव्हतं. राहिली एकटी सहावीतली उन्नती पाटील, यंदाच नव्यानं आलेली.

"आई स्वतः येनारे, बाई," ती म्हणाली. "तिनं वाचलंय."

बाईंना हायसं वाटलं. एकीनं नकार दिला की तिच्या नावावर सगळंच बंद पाडता येणार होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर उन्नतीची आई फाटकातून आत आली. डावीकडे बघायला तिनं अख्खी मान वळवली. चेहरा दिसण्याआधीच बाईंनी ओळखलं.

"करिष्मा."

"ओळखलंत म्हंजे." तिनं कागद पुढे धरला. "ही ओळ तुमी लिवलीत ना?"

"हो. तू सही करू नकोस. मी तिला बाजूला बसवून ठेवीन."

"बसायला न्हाय पाठवत मी तिला." करिष्मानं ढिगातली एक रॅकेट उचलली. "टाका बॉल."

"नको गं."

"टाका, बाई."

बाईंनी चेंडू उचलला. "कुठून टाकू?"

"उजवीकडून. दिसतं तिकडून."

पहिला चेंडू हुकला, दुसराही. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नव्हता. तिसरा तिनं असा मारला की सरळ बाईंच्या गालावर येऊन आपटला.

"लागलं?"

"नाही." खरंच लागलं नव्हतं. चेंडू मऊ होता.

"डोळं मिटलंवतं तुमी."

"तेव्हापासून तसंच होतं," बाई म्हणाल्या.

करिष्मानं कागद भिंतीला टेकवून सही केली. "ओळ ऱ्हाऊ द्या. खरी हाय ती." मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "हजेरी तेवढी तास सुटल्यावर घ्या, बाई."

"तू पाहिलं होतंस? मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला कोनी इचारलंच न्हाय."

तिनं रॅकेट जागेवर ठेवली आणि फाटकाकडे चालू लागली.

सोमवारी दुसऱ्या तासाला हजेरीपट शिक्षकखोलीतच राहिला. मुली दोन-दोन रॅकेटींचं अंतर सोडून उभ्या होत्या. उन्नतीला समोर उभं करून त्यांनी उजवीकडून चेंडू टाकला.

"टप्पा," मुली ओरडल्या. "मार."

चेंडू परत आला. बाईंचे डोळे पाण्यानं भरले होते, पण उघडे होते.