कडुबांची स्टेज आणि मी

मित्रांनो, नाक मुरडू नका, पण माझं कामाचं ठिकाण म्हणजे माणसाची लघवीची पिशवी. मी एक जुनी सोनोग्राफीची सळई आहे, पेन्सिलीहून बारीक. माझ्या टोकाला इवलासा स्फटिक आहे. तो आवाजाच्या लहरी सोडतो, त्या आदळून परततात आणि पडद्यावर चित्र उमटतं. पिशवीत गाठ असली, तर ती भिंतीत किती खोल गेली आहे हे मी आतून पाहते.

संभाजीनगरच्या एका दवाखान्यात मी मानानं राबले. मग एमआरआयचं धूड आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात पडेगावचे कडुबा आले. मांडव घालण्याचा त्यांचा धंदा. लघवी लाल व्हायची, दुखत मात्र नव्हतं. उन्हाळी लागली म्हणून गडी धने भिजवलेलं पाणी पीत बसला. एमआरआयमध्ये गाठ दिसली, पण ती किती खोल गेली ते काही कळेना. तेव्हा डॉक्टर विशाखाताईंनी मला बाहेर काढलं.

"कडुबाकाका, आज आधी स्टेज बघायची."

"बघा की. किती बाय कितीची बांधू?"

सगळे हसले. ताईंनी समजावलं, कॅन्सरची गाठ वरवर असली तर स्टेज लहान, खरवडून भागतं. भिंतीच्या स्नायूत शिरली असली तर मोठी, मग बहुतेक अख्खी पिशवीच काढावी लागते.

कडुबांचं हसू मावळलं. "मंग लहानच निघू द्या, म्याडम. थैली गेली तर मांडवावर चढू कसा?"

कमरेखाली भूल दिली, पिशवी पाण्यानं फुगवली आणि दुर्बिणीच्या नळीतून मी आत गेले. काम विसरले तर नाही ना, अशी धाकधूक होती. गाठीभोवती गोल फिरले. तिच्याखाली स्नायूची काळी पट्टी सलग होती, कुठंही तुटलेली नव्हती. मला नाचावंसं वाटलं.

ताईंनी गाठ खरवडली. तुकड्यांच्या तपासणीतही तेच निघालं. आठवड्यानं निकाल सांगितला तेव्हा मी ताईंच्या टेबलावरच होते.

"लहान स्टेज, काका. पण दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं."

"यीन की. मांडव उतरला तरी खड्डे बुजवायला जावंच लागतं."

मित्रांनो, मला मऊ फडक्यानं पुसा, माझी वायर मुरडू नका. आणि घरात कुणाची लघवी लाल झाली, तर दुखत नसलं तरी लपवू देऊ नका. स्टेज बारशाएवढी असतानाच मला बोलवा.