झुंबरच्या मेंदूचं माप

मरायच्या दोन महिने आधी झुंबर चार माणसांत बोलला, की हा एड्सचा रोग माझ्या बायकोनं घरात आणला. हा गडी बारा वर्षं ट्रक घेऊन पार कलकत्त्यापर्यंत फिरलेला, आणि जयवंता डाळजच्या शिवेबाहेर कधी एकटी गेली नव्हती. पण एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यात बिचारीचं रक्तही तसलंच निघालं, मग तर बोलायलाच नको.

जयवंतानं मनाची समजूत घातली होती. त्या दिवसांत झुंबर उगाच हसायचा, जेवणाचं ताट तिच्या अंगावर भिरकावायचा. हे बोलणं त्याचं नाही, रोगाचं आहे, असं ती धरून बसली.

पुण्याच्या दवाखान्यात तो वारला, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. हा विषाणू माणसाच्या मेंदूत किती उतरतो, हे त्या मोजत होत्या. मेंदू काढायला परवानगी हवी होती.

"मेंदूत गेला आसंल, तर माणूस काय बी बोलतो का?" जयवंतानं विचारलं.

बोलू शकतो, असं बाई म्हणाल्या. तिनं लगेच अंगठा दिला. निकाल कुठं कळवू, असं विचारल्यावर तिनं सासरचंच घर सांगितलं. नांदत्या बाईला दुसरा पत्ता असतो कुठं?

झुंबरच्या डोक्याला पट्टी का, हे तिनं सासऱ्याला, दत्तोबाला सांगितलं नाही. चिता पेटली. कवटी फुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मयतीची माणसं घरी जात नाहीत. दोन तास झाले, तीन झाले, आवाज येईना. शेवटी एकानं बांबूनं ढोसलं, तर करवतीनं कापलेली टाळू झाकणासारखी निखळून पडली. आत काहीच नव्हतं.

दत्तोबानं त्याच दिवशी जयवंताला बाहेर काढलं आणि पाच वर्षांची नात पिंकी ठेवून घेतली. जयवंता भिगवणच्या बाजारात मासे साफ करायला लागली. पुण्याचा कागद आला की आपला डाग जाईल आणि लेक परत मिळेल, एवढ्यावर ती जगत होती.

सात महिन्यांनी दत्तोबाचा सांगावा आला, पत्र आलंय. तिनं पिंकीला फ्रॉक घेतला, माशांचा वास जावा म्हणून दोनदा अंघोळ केली आणि धावतच डाळज गाठलं. ओट्यावर सगळी भावकी जमली होती.

पत्र डॉक्टरीणबाईंनी सोप्या मराठीत, स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. भल्या बाईला वाटलं, घरच्यांना तेवढाच धीर. दत्तोबानं ते सावकाश, मोठ्यानं वाचलं. झुंबरच्या रक्तात विषाणू भरपूर होता, पण मेंदूत मोजण्याइतकासुद्धा सापडला नाही. मेंदूला दुसरी काही इजाही नव्हती. तुमचा मुलगा शेवटपर्यंत शुद्धीवर असणार, एवढं समाधान माना.

"ऐकलंस?" दत्तोबानं कागदाची घडी घातली. "शुद्धीत बोलला माझा ल्योक."



"व्हय मामा," जयवंता म्हणाली. "समजून उमजून बोलला त्यो."

तिनं फ्रॉक ओट्याच्या कडेला ठेवला. सासू द्वारकाबाईनं एका हातानं पिंकीचं मनगट धरलं होतं. दुसऱ्या हातातल्या काठीनं तिनं तो फ्रॉक खाली मातीत ढकलला.

सात महिने मासे चिरताना जयवंता नवऱ्यासाठी रडत आली होती. भिगवणला परत जाताना तिला त्याच्यासाठी एकदाही रडू आलं नाही.