अक्रोडवाल्या बेझानचा पाय आणि मी, एक परीक्षानळी

मित्रांनो, माझ्या ओठाचा एक कपचा उडाला आहे, त्यावरूनच माझं वय ओळखा. वाळू आणि विस्तव हे माझे आईबाप. तिबिलीसी शहरात नदीकाठी एक जंतूंची प्रयोगशाळा आहे, तिथे मी काचेची परीक्षानळी म्हणून नोकरीला लागले.

माझं काम ऐका. माझ्यात मांसाचं पातळ सूप ओततात, त्यात रोग्याच्या जखमेतले जंतू सोडतात. सूप गढूळ होतं. मग जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचं औषध टाकतात. गढूळपणा गेला की औषध लागू पडलं! मला उजेडात धरून डॉक्टर इया हसायची, "बघा, कशी झऱ्यासारखी नितळ!" त्या कौतुकाने मी फुलून जायचे. मग सूप ओतून द्यायचं आणि मला धुवायला लामारा मावशीकडे पाठवायचं. मावशी स्तोत्र गुणगुणत घासायची. तो स्वर अंगावर पडला की धुणंसुद्धा पूजेसारखं वाटे.

मावशीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तीन आवाजांत गातात. खालचा खर्ज बेझानचा. तो अक्रोडाच्या झाडावरून पडला, पाय मोडला, हाडाला धातूची पट्टी बसवली. हाड जुळलं, पण जखम आठ महिने वाहत राहिली. तीनदा त्याच्या जखमेचे जंतू तपासले, तिन्ही वेळा सूप नितळ झालं. औषध दिलं, तरी पू थांबेना. शेवटी शल्यवैद्यांनी सांगितलं, शुक्रवारी गुडघ्याखालून पाय कापायचा.

सोमवारी बेझान कुबड्या टेकत चौथ्यांदा नमुना द्यायला आला.

"लामारा, आपल्या देवळात सगळे उभ्याने गातात. मी बसून गायलो तर देव म्हणेल, बेझान, एवढा कसला दमलास?"

"गप रे. तू नसलास तर आम्ही काय हवेत गायचं?" मावशीचे डोळे मात्र भरले होते.

बुधवारी सूप चौथ्यांदा नितळ झालं. मी धुवायला गेले. मावशीने ब्रश फिरवला आणि ती थबकली. तिने आत बोट घातलं. माझ्या भिंतीला, सूप संपतं त्या रेषेवर, एक बुळबुळीत कडं होतं. ती मला तशीच घेऊन धापा टाकत जिना चढून इयाकडे गेली.

"पोरी, ही नळी नितळ नाही."

"मावशी, घासायचा कंटाळा आला का आज?"

"अठ्ठावीस वर्षं घासतेय. मला चिकट काय ते तू शिकवणार? बोट घालून बघ!"

इयाने माझ्यात जांभळा रंग ओतला आणि खळखळून धुतलं. रंग वाहून गेला, कडं मात्र गर्द जांभळं उरलं.

मित्रांनो, मला हे आधीपासून जाणवत होतं, पण काचेला वाचा कुठली! प्रत्येक जंतू आपल्याच पोटात एक इवलासा रेणू घडवतो. तो त्याचा आतला निरोप. रेणू कमी असला की जंतू शेपटी हलवत पोहतो. रेणू वाढला की शेपटी थांबते, अंगातून चिकट लेप पाझरतो आणि जंतू भिंत धरून वस्ती करतो. पोहणारे औषधाने मरतात, लेपाआडचे टिकतात. बेझानच्या पायातही अशी एक भिंत होती, ती धातूची पट्टी!

इयाने तिथल्या तिथे शल्यवैद्यांना फोन लावला. "हाड जुळलंय ना? मग पट्टी काढा, हाड खरवडा, आणि तिथेच औषध भरा. पाय दोन आठवडे राहू द्या."

"दोन म्हणजे दोनच. त्यावर एक दिवस नाही," शल्यवैद्य म्हणाले.

शुक्रवारी पाय नाही, पट्टी निघाली. ती रंगात बुडवली तर जांभळी झाली. दोन आठवड्यांनी बेझानच्या जखमेतला नमुना पुन्हा माझ्यातच आला. सूप गढूळ झालंच नाही. तरी इयाने रंग ओतला, धुतलं. मावशीने क्रूसाची खूण केली आणि बोट आत घातलं. भिंत कोरडी, करकरीत! जांभळ्याचा ठिपकाही नव्हता. पाय वाचला.

शरद ऋतूत बेझान दोन पायांवर पिशवीभर अक्रोड घेऊन आला.

"मेल्या, पुन्हा झाडावर चढलास?"

"नाही गं बाई, या खेपेला झाडालाच खाली उतरवलं!" आणि त्याने असा खर्ज लावला की नळ्या ठेवायच्या लाकडी घोडीवरच्या आम्ही सगळ्या किणकिणलो.

आता प्लास्टिकच्या नळ्या आल्या आहेत, एकदा वापरून फेकायच्या. इया म्हणाली, "हिला आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवू." मावशीने मला तिच्या हातातून काढून घेतलं. "शोभेला कशाला? चांगली धडधाकट आहे. उद्या कुणाचा तरी पाय असेल, कुणाची छाती असेल." आणि ती मला घासायला लागली.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. वरचं पाणी नितळ दिसलं म्हणून हात झटकू नका. भिंतीला बोट लावून बघा. आणि जी घासणारी बाई धापा टाकत जिना चढून येते, तिचं आधी ऐकून घ्या. मी तयार आहे. ओता सूप.