मोत्याचे पापुद्रे

मोती आम्लात विरघळतो हे मला शाळेपासून माहीत होतं. तरीही मी तो आम्लात टाकला, आणि तेही हिशेब करून.

मामीकडे दागिने घडवायला शिकू लागले त्याला तेव्हा सात महिने झाले होते. रसायनशास्त्राची पदवी हातात होती, पुढचं काही ठरत नव्हतं, आणि एक प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसला होता: एखादी वस्तू सुंदर दिसते तेव्हा त्या वस्तूत नेमकं काय असतं? मी तो मामाला विचारला होता. "मामीला विचार," तो म्हणाला, "कारागीर ती आहे. मी नुसता चहा करतो." मामीनं प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि मला चांदीची तार ओढायला बसवलं. पुढचे तीन महिने मी तारच ओढली.

कामाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकी एकच, उत्तरेची. दुपारी तीननंतर तिच्यातून येणारा उजेड सांडलेल्या दुधासारखा टेबलावर हळूहळू पसरायचा, आणि मग सगळंच पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. कानशीचा आवाज लांबून यायचा. मामीचे हात माशांसारखे फिरायचे. त्या तासाभरात मी पुष्कळदा काम विसरून नुसती बघत बसे, आणि मामी मला काही बोलत नसे. बघणं हेही कामच, असं तिचं मत होतं.

अंगठी आणली होती तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींनी. मशीन चालवून त्यांच्या बोटांचे सांधे सुजले होते आणि अंगठी आत जात नव्हती.

"सैल करून दे," त्या मला म्हणाल्या. "मोती मात्र जप गं. ताईचा आहे. शेवटी शेवटी तिला सारखा ताप असायचा. मोती गार लागतो म्हणून ओठांना लावून झोपायची. तिची एवढी एकच वस्तू उरली आहे माझ्याकडे."

"गुरुवारी न्या," मी म्हणाले.

काम सोपं होतं. मी मोती काढला, कडं कापलं, सोन्याचा तुकडा घालून झाळलं, साफ केलं आणि मोती पुन्हा चिकटवला. मग मोती ज्या वाटीत बसतो तिच्या कडेला, झाळताना लावलेल्या टाकणखाराचा एक काळा डाग दिसला. मामी बाहेर गेली होती. मोती परत काढायचा तर डिंक मऊ व्हायला तासभर जाणार. डाग काढण्याचं सौम्य आम्ल शेजारी तयार होतं. मी कागदावर मांडलं: मोत्यासकट अंगठी एक मिनिट बुडवली तर मोत्याचे फार तर तीन मायक्रॉन जातील. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा असतो. मोती आठ मिलिमीटरचा. म्हणजे काहीच नाही.

एक मिनिटानं डाग गेला होता, आणि मोती शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसत होता.

मामीनं तो खिडकीशी धरला. बराच वेळ धरला.

"किती वेळ होता?"

"एक मिनिट."

"यासाठी पदवी घेतलीस?"

मामा कप घेऊन आला, एकदा अंगठीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "मोत्याचं पाणी गेलं, आणि हिच्या तोंडचंही पळालं."

माझं गणित बरोबर होतं. नंतर मी ते तीनदा तपासलं. पण ते मोत्याच्या आकाराचं गणित होतं. मोत्याची चमक असते अर्ध्या मायक्रॉनच्या चकत्यांमध्ये. त्या कौलांसारख्या एकीवर एक रचलेल्या असतात, आणि प्रकाश प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो. चकत्यांचे असे जेमतेम पाच-सहा थर माझ्या आम्लानं खाल्ले होते, तेही ओबडधोबड. तेवढं पुरलं होतं. इतकी मोठी गोष्ट इतक्या पातळ जागेत राहते हे मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं.

"बाजारात असे ढिगानं मिळतात," मामा म्हणाला. "बदलून टाका. कोणाला कळणार आहे?"

"मला," मामी म्हणाली.

"मग तू सांगू नकोस कोणाला."

"अहो, तुम्ही चहाच करा."

तो गेल्यावर मामीनं खणातून एक पातळ पातं काढलं. "सोलावा लागेल."

"मोती?"

"मग काय, कांदा? वरचा मेलेला थर काढायचा. खाली जिवंत लागला तर लागला. माझ्या गुरूंनी दोनदा सोलला होता माझ्यासमोर. एक झक्क निघाला. दुसऱ्याच्या आत निघाला साधा मणी. वर मोत्याची नुसती ओढणी होती."

"हा कसा आहे?"

"सोलल्याशिवाय कसं सांगू?" तिनं पातं माझ्यापुढे ठेवलं. "पण मोती तिचा आहे. आधी खाली जाऊन सांगशील का?"

"चांगला निघाला तर सांगणं सोपं जाईल."

"सोपं कोणाला?" एवढंच विचारून ती आपल्या कामाला लागली.

मी खाली गेले नाही.

दोन दुपारी मी तो मोती सोलत होते. भिंगाखाली तो मोती राहिलाच नाही; एक पांढरा, धुक्यानं भरलेला प्रदेश झाला. पात्याचं टोक मोत्याच्या तळाशी, वाटीतली तार बसायच्या छिद्राच्या कडेला टेकवायचं, श्वास सोडायचा, आणि मग इतकं हलकं ढकलायचं की आपण ढकललं की नुसता विचार केला ते कळू नये. शेकडो चकत्यांच्या जाडीच्या त्या थराचा एकेक पापुद्रा सुटायचा आणि टेबलावर अलगद उतरायचा. पहिल्या थराखाली तसंच धुकं होतं. दुसऱ्याखालीही. मला वाटायला लागलं की मी काळात मागे चालले आहे. हा थर शिंपल्यातल्या जिवानं एखाद्या थंड महिन्यात सावकाश विणला असेल, त्याच्या खालचा त्याआधी, आणि त्याही खाली, अगदी मधे, काही नसेलच कदाचित. खिडकीतला उजेड माझ्या मनगटावरून सरकत होता. कुणीतरी खूप खोलवरून माझ्याकडे बघत आहे असं उगाच वाटत होतं.

तिसऱ्या थराचा पापुद्रा सुटला आणि खालून उजाडलं.

दुसरा शब्द मला सापडत नाही. आधी एक गुलाबी कड दिसली, मग हिरवट झाक, आणि मग सगळ्यांच्या मागून तो शांत, आतून येणारा पांढरा. मी मामीला हाक मारायला तोंड उघडलं. पण त्याआधी तीच उठून आली.

"थांब आता," ती म्हणाली. "हात काढ."

मोती थोडा लहान झाला होता आणि आधीपेक्षा सुंदर झाला होता. मला तेव्हा खरोखर वाटलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या चिमट्यात आहे.

गुरुवारी मावशी आल्या. गळ्यात मोजपट्टी, ब्लाउजला चार टाचण्या. अंगठी बोटात सहज गेली. त्यांनी ती उजेडात धरली, मग अंगठ्यानं मोती चाचपला.

"लहान झालाय."

मी सांगितलं. आम्ल, मिनिट, पातं, तीन थर, आणि आधी येऊन सांगितलं नाही हेही. घाबरून मी भरभर बोलत गेले. चकत्या कशा रचलेल्या असतात, प्रकाश कसा परततो, हा खालचा थर जास्त नीट कसा रचला गेला होता. त्यांनी मला मधे तोडलं नाही.

"म्हणजे आता वर जे दिसतंय," त्या सावकाश म्हणाल्या, "ते आतापर्यंत कोणी पाहिलं नव्हतं?"

"कोणीच नाही." मला ते अजूनही छान वाटत होतं.

"ताईनंही नाही."

मी मोत्याकडे पाहिलं.

"हात नाही लागला तिचा याला. ओठ नाही." त्यांनी अंगठी काढून टेबलावर ठेवली. रागानं नाही, शिवून झालेला पण दुसऱ्याच कुणाच्या मापाचा कपडा ठेवावा तशी. "छान दिसतोय. खरंच छान दिसतोय. ती वरची सालं कुठं आहेत?"

ती निर्जीव होती, खडूसारखी. ती कुणाला हवी असतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी मामीकडे पाहिलं.

मामीनं टेबलाखालचा खण बाहेर ओढला. सोन्याच्या कामात केर टाकत नाहीत. कानशीचा कीस, करवतीचा भुगा, पुसलेलं, झटकलेलं, सगळं टेबलाच्या कडेवरून त्या खणात पडतं आणि वर्षाकाठी वितळवून त्यातलं सोनं काढतात. दोन दिवस मोती सोलून मी दर संध्याकाळी सवयीनं टेबल ब्रशनं त्यातच झाडलं होतं. आणि नंतर, सवयीनंच, त्याच खणावर सोनं कानसत बसले होते.

खण खिडकीखाली आला. तळाशी बोटभर पिवळा भुगा चमकत होता.

"यात?" मावशींनी विचारलं.

"यातच," मी म्हणाले. "बारीक आहेत. नखापेक्षाही बारीक."

"सरक." त्या माझ्या जागेवर बसल्या आणि चिमटा उचलला. "गालिच्यातून सुया वेचण्यात जन्म गेला माझा. ते भिंग दे इकडे."

मामीनं काळं कापड अंथरलं. मऊ ब्रशनं ती सोनं बाजूला सारू लागली, चिमूट चिमूट, जेवताना भातातले खडे बाजूला करावेत तसं. मामा दाराशी कप घेऊन उभा राहिला. तीन वाजून गेले होते. उजेड खणात उतरला आणि सगळा भुगा एकदम पेटल्यासारखा झाला. इतका, की त्यात पांढरं काही शोधणं अवघड झालं. मामीनं हाताची सावली धरली. मग दिसू लागलं.

"हा?"

चिमट्याच्या टोकावर एक पापुद्रा होता. मी तो मामीच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. एका बाजूला थोडी चमक होती. "हा नाही. हा खालचा आहे."

"बरं. हा?"

हाही नाही. त्यानंतरचाही नाही. चौथ्यांदा वेचलेल्या पापुद्र्याचा पृष्ठभाग खरवडलेला होता, आम्लानं खाल्लेला, खड्ड्याखड्ड्यांचा. इतकी कुरूप वस्तू मी त्या काचेखाली कधी पाहिली नव्हती.

"हा," मी म्हणाले. "हा बाहेरचा."

मावशींनी तो बोटाच्या टोकावर घेतला. हळूच ओठांजवळ नेला आणि मधेच थांबल्या, कारण श्वासानंही तो उडाला असता. त्यांनी श्वास रोखला. मीही रोखला. मामीचा ब्रश हवेतच राहिला.

मग त्यांनी तो काळ्या कापडावर ठेवला आणि डोळे न पुसताच भिंगाकडे वळल्या.

"पुढचा बघ," त्या म्हणाल्या.